रात्रीची प्रार्थना आणि उद्याची वाट



आमचे काम पाहायला येणारे मंडळीचे सभासद एक प्रश्न हमखास विचारतात : निर्णय घेताना देवाची इच्छा तुम्हाला कळते कशी? प्रश्न रास्त आहे. आपण बहुतेक जण झोपण्यापूर्वी प्रार्थना करतो. घरच्यांची नावे, आजाऱ्यांची नावे, मुलांची परीक्षा, आणि शेवटी "प्रभू, मार्ग दाखव" असे एक वाक्य. आमेन म्हटले की दिवा बंद. मार्ग विचारून झाला, पण उत्तर ऐकायला कोणी थांबले नाही. थांबण्याची एक जुनी रीत आहे, तिच्याविषयी हा लेख.

पवित्र शास्त्रातला दिवस सकाळी सुरू होत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. यहुदी लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. त्या हिशेबाने रात्रीची प्रार्थना हे उद्याचे पहिले काम ठरते. चौथ्या स्तोत्रात अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी विचार करून शांत राहायला सांगितले आहे. सोळाव्या स्तोत्राचा कर्ता तर सांगतो की रात्रीच्या वेळी त्याचे स्वतःचे मनच त्याला शिकवते.

मार्गदर्शनाची बायबलमधली सर्वांत ओळखीची रात्र बाल शमुवेलाची (1 शमुवेल, अध्याय 3). मंदिरातला दिवा अजून विझलेला नाही. मुलाला हाक येते आणि तो तीनदा एलीकडे धावतो. आपण लहानपणापासून ही गोष्ट शब्बाथशाळेत ऐकली, त्यामुळे तिच्यातल्या दोन गोष्टी सहज निसटतात. एक, देवाची हाक शमुवेलाला ओळखता आली नाही. ती ओळखली एलीने, ज्याची दृष्टी मंद झाली होती. दुसरी, जो संदेश मिळाला तो गोड नव्हता. एलीच्याच घराण्याविषयीचा तो कठोर निकाल होता, आणि मुलगा सकाळपर्यंत तो सांगायला घाबरत पडून राहिला. ऐकणाऱ्याला जे आवडेल तेच देव सांगेल, असे ही गोष्ट कुठेही म्हणत नाही.

आता ती जुनी रीत. स्पेनमधला इग्नेशियस लोयोला हा लढवय्या माणूस. 1521 मध्ये पांप्लोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला त्याने सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या, पण घरात सापडली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी : कधी दरबारातल्या पराक्रमाची, कधी संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड वाटत. नंतर मात्र पहिल्या स्वप्नाने मन कोरडे पडे आणि दुसऱ्याने समाधान टिकून राही. विचार सरल्यावर मनात काय उरते याकडे लक्ष देणे, हे त्याच्या पुढच्या सगळ्या शिकवणीचे मूळ. 1548 मध्ये छापलेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात दिवसाच्या तपासणीच्या पाच पायऱ्या आहेत : देवाचे आभार मानणे, स्वतःला ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवस तासातासाने आठवणे, क्षमा मागणे आणि उद्या सुधारण्याचा निश्चय करणे.

ही कॅथलिक रीत आहे, आपल्याला कशाला, असे आपल्यातले काही जण म्हणतील. म्हणोत. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे, 1579 मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स याच जेज्वीट संघाचे होते, आणि 1616 मध्ये छापलेला तो ग्रंथ आपण सगळेच अभिमानाने आपला म्हणतो.

कामात ही तपासणी कशी उपयोगी पडते याचे एक उदाहरण देते. दिवाळीनंतर आमच्याकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात शेठकडून घेतलेली उचल फेडायची असते. मुलेही बरोबर जातात आणि शाळा सुटते. एका वाडीत चौथीतल्या मुलीला वसतिगृहात ठेवावे की कसे, हा प्रश्न होता. आई म्हणाली, "तुम्हीच सांगा बाई, तुम्ही शिकलेल्या." जागा एकच शिल्लक होती आणि होकार आठवड्यात कळवायचा होता.

त्या आठवड्यात रोज रात्री मी दिवस आठवत असे. अर्जाचे काम, आईचे बोलणे, शिक्षकांचा सल्ला, हे सगळे आठवे आणि विरून जाई. एक चित्र मात्र दर रात्री परत येई : मी दारात बोलत असताना ती मुलगी माझ्याकडे न बघता चुलीजवळच्या आजीकडे बघत होती. स्वप्न पडले नाही की आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी आजीपाशी जाऊन बसायचे, एवढे कळले. आजी म्हणाली, मी भट्टीवर जाणारच नाही, नातीला सांभाळीन, पण खायचे काय? घरात अंत्योदयचे कार्ड होते. त्यावर महिन्याला 35 किलो धान्य मिळते, पण अंगठा द्यायला कोणी नाही म्हणून भट्टीच्या दिवसांत ते उचललेच जात नसे. आजीचे नाव कार्डावर होते. आम्ही दोघी रेशन दुकानात गेलो. मुलगी वाडीत राहिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत जात राहिली, आणि वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलाला मिळाली.

मी इथे मुद्दाम सांगते की निर्णय त्या घराने घेतला. "देवाने मला दाखवले आहे" असे वाक्य गरिबापुढे उच्चारले की त्याचे तोंड बंद होते. शिकलेल्या बाईला आणि देवाला एकदम 'नाही' कोण म्हणणार? म्हणून प्रार्थनेत जे सुचते ते आपण प्रश्न म्हणून घेऊन जावे, हुकूम म्हणून नव्हे. एलीशिवाय शमुवेलाला हाक कळली नाही, तशी आपल्यालाही ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यांच्याशिवाय कळत नाही.

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन उत्तर समजायचे, ही सवय मला पटत नाही. चिठ्ठ्या टाकण्याबद्दल विचाराल तर प्रेषितांनी मत्थियाच्या निवडीसाठी त्या टाकल्या, हे खरे. पण पेंटेकॉस्टनंतर प्रेषितांच्या कृत्यांत त्यांनी पुन्हा तसे केल्याची नोंद नाही. पंधराव्या अध्यायातल्या मोठ्या वादात तर ते एकत्र बसले, वाद घातला, एकमेकांचे ऐकले आणि मग पत्र लिहिले.

घरी करून पाहायचे तर दहा मिनिटे पुरतात. लहान मुलांना पाच पायऱ्या शिकवत बसू नका. आज कशाने बरे वाटले आणि कशाने वाईट वाटले, एवढे दोनच प्रश्न विचारा, आणि ती सांगतात ते मध्ये न बोलता ऐका. मोठ्यांनी चालू असलेला एखादा निर्णय मनात ठेवून सलग सात-आठ रात्री तपासणी करावी. एका रात्रीच्या भावनेवर जाऊ नये, कारण दमलेल्या माणसाला कोणताही प्रश्न भारी वाटतो. परत परत काय वर येते ते वहीत एका ओळीत टिपून ठेवावे. अंथरुणावर बसून डोळा लागत असेल, तर ही दहा मिनिटे जेवणाआधी काढा.