पुसलेले गुरुवार, उरलेले गुरुवार

मँचेस्टर शहरातील डिकन्सन रोडवर एक जुने प्रार्थनामंदिर होते. प्रार्थना बंद पडल्यावर तेथे एका चित्रपट कंपनीने बस्तान बसवले आणि पुढे ती जागा बी.बी.सी.ने घेतली. १९६४ सालच्या पहिल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, या वास्तूतून 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमाचा पहिला भाग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. डस्टी स्प्रिंगफील्ड आणि रोलिंग स्टोन्स यांनी त्यात हजेरी लावली आणि त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर असलेल्या बीटल्सच्या गाण्याने शेवट झाला. योजना थोड्याच भागांची होती. प्रत्यक्षात कार्यक्रम ३० जुलै २००६ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्याच्या भागांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. पहिल्या वर्षातच तो गुरुवारी होऊ लागला आणि तीसएक वर्षे गुरुवार हाच त्याचा वार राहिला. सत्तरीच्या दशकात आठवड्याला दीड कोटी माणसे तो पाहत असत.

पहिला भाग मात्र आज कोणालाही पाहता येत नाही. तो पुसला गेला.

कार्यक्रमाची घडण अगदी साधी होती. देशभरातील निवडक दुकानांत आठवडाभर कोणती ध्वनिमुद्रिका किती खपली याची नोंद व्हावयाची. १९६९ पासून हे काम एका पाहणी-संस्थेकडे आले. दुकानदारांनी भरलेल्या वह्या टपालाने जमा होत, त्यांची बेरीज मंगळवारी जाहीर होई, बुधवारी स्टुडिओत चित्रण होई आणि गुरुवारी ते घरोघर पोहोचे. जॉनी स्ट्युअर्ट या निर्मात्याने काही नियम घालून दिले होते. शेवटचे गाणे नेहमी पहिल्या क्रमांकाचे असावयाचे. तेवढे गाणे सोडल्यास लागोपाठ दोन आठवडे एकच गाणे घ्यावयाचे नाही. आणि यादीत खाली घसरणाऱ्या गाण्याला प्रवेशच नाही. घसरत्या माणसाकडे जग पाठ फिरवते, हा व्यवहार येथे नियम म्हणूनच लिहून ठेवलेला होता.

या शिस्तीमुळे निवडीचा अधिकार निर्मात्याच्या हातात फारसा उरत नसे. लोकांनी पैसे मोजून जे विकत घेतले, ते दाखवावयाचे. त्यात उत्तम येई, सामान्य येई आणि पुष्कळदा निव्वळ बाष्कळही येई. जुने भाग आज पाहताना मन गुंतते ते याच गोष्टीत.

परंतु पाहावयास उरले किती? पहिल्या ५०० भागांपैकी अखंड टिकलेले भाग सुमारे २० आहेत. कारण कोणाचे वैर नव्हते, काटकसर होती. त्या काळची चित्रफीत दोन इंच रुंदीची, महाग आणि पुनःपुन्हा वापरता येण्याजोगी असे. एका गुरुवारचा कार्यक्रम पुढच्या गुरुवारी शिळा होणार, मग त्यासाठी फीत अडकवून कशाला ठेवावयाची? शिवाय कलावंतांच्या आणि वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर कडक मर्यादा होत्या. जे पुन्हा दाखवता येणार नाही ते सांभाळण्यात कोणाला अर्थ वाटला नाही. तेव्हा फिती पुसल्या गेल्या आणि त्यांवर दुसरे काही मुद्रित झाले. चित्रफितींच्या जतनाची रीतसर व्यवस्था बी.बी.सी.मध्ये १९७८ च्या सुमारास उभी राहिली.

यात काय गेले याचे एकच उदाहरण पुरे आहे. १६ जून १९६६ रोजी बीटल्स या कार्यक्रमाच्या स्टुडिओत स्वतः येऊन गायले. असे एकदाच घडले आणि त्याची फीत राहिली नाही. २०१९ साली त्या प्रसंगाचा अकरा सेकंदांचा एक मूक तुकडा उजेडात आला. तो बी.बी.सी.च्या कोठारातला नव्हता. कोणीतरी आपल्या घरच्या दूरचित्रवाणीसमोर आठ मिलिमीटरचा हातकॅमेरा धरून पडद्याचेच चित्र टिपले होते. एवढ्या मोठ्या संस्थेने जे राखले नाही, त्याचा कण एका हौशी प्रेक्षकाच्या हातून राहिला. संस्थेने यावर थोडे ओशाळावयास हरकत नसावी.

एप्रिल २०११ मध्ये 'बी.बी.सी. फोर' या वाहिनीने जुने भाग क्रमाने पुन्हा दाखवण्यास सुरुवात केली. आरंभ १९७६ च्या एप्रिलपासून केला, कारण तेथून पुढचा संग्रह बऱ्याच अंशी सलग आहे. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो आठवडा या आठवड्यात, अशी ती चाल होती. केवळ निवडक सुवर्णक्षण दाखवणारे कार्यक्रम त्याआधीही पुष्कळ झाले होते. येथे निवड नव्हती. आठवडा जसा होता तसा समोर येत होता.

आणि मग स्मरणाची फजिती होऊ लागली. १९७६ म्हटले की इंग्लंडातील जाणकार मंडळी 'पंक' नावाच्या बंडखोर संगीताचे नाव घेतात. तारुण्याचा संताप त्या वर्षी फुटला, जुने संगीत कोलमडले, असे ग्रंथांतून लिहिलेले असते. पण त्या वर्षीचे भाग पाहावेत तर काय दिसते? एप्रिलभर पहिल्या क्रमांकावर 'ब्रदरहुड ऑफ मॅन' या चौकडीचे एक गोडगोड गाणे आहे. ते सहा आठवडे हलत नाही. मे महिना 'आबा' या स्वीडिश मंडळींचा. जूनमध्ये पहिला क्रमांक पटकावतात 'वर्झल्स' नावाचे सॉमरसेटकडचे गावरान गडी, आणि त्यांच्या गाण्याचा विषय आहे नवे कोरे कापणी-मळणी यंत्र! उन्हाळा त्या वर्षी इंग्लंडात भयंकर तापला, पाण्याचा दुष्काळ पडला. आणि त्या उन्हाळ्यात एल्टन जॉन व किकी डी यांचे द्वंद्वगीत सहा आठवडे वर राहिले. ज्या बंडाचा एवढा गाजावाजा, त्या 'सेक्स पिस्टल्स'ची पहिली ध्वनिमुद्रिकाच मुळी नोव्हेंबरअखेर निघाली. लोक त्या वर्षी काय ऐकत होते आणि त्या वर्षाबद्दल पुढे काय सांगितले गेले, यांतील अंतर इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

याचा अर्थ हे भाग म्हणजे निखळ सत्याचा आरसा, असेही समजू नये. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी दिवसांत 'सेक्स पिस्टल्स'चे राणीची टर उडवणारे गाणे खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. बी.बी.सी.ने ते वाजवण्यास नकार दिला. त्यामुळे त्या आठवड्यांचे भाग आज पाहिले तर तेथे त्या गाण्याच्या जागी नुसते मौन आहे. ज्याला यादी ठाऊक नाही त्याला ते मौन ऐकूही येणार नाही.

उलट नुसत्या यादीवरही विसंबता येत नाही. भारतीय श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नको. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' ही याच जातीची. तिच्या फिती मुंबईत तयार होऊन विमानाने कोलंबोला जात. आकाशवाणीने त्या काळी चित्रपटगीतांकडे पाठ फिरवलेली होती आणि ते धोरण राबवणारे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे होते, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. गीतमालेच्या वार्षिक याद्या आज कोठेही मिळतात. पण अमीन सायानी यांचा तो बुधवारी आठ वाजताचा आवाज, एका पायदानावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेला तो अर्ध्या श्वासाचा विराम, हे यादीत कोठे येते? गाणी तर तबकड्यांवरही असतात. कार्यक्रम असतो तो दोन गाण्यांच्या मधल्या जागेत.

'टॉप ऑफ द पॉप्स'च्या मधल्या जागेत तर एक अख्खा समाज उभा आहे. स्टुडिओत बोलावलेली ती कोवळी मुलेमुली पाहावीत. जड कॅमेरे त्यांच्या अंगावर सरकत येतात, तशी ती बिचारी बाजूला होतात आणि पुन्हा ताल धरतात. कोणी थेट भिंगात पाहून लाजते. कोणाचे लक्ष गायकाकडे नसून वर टांगलेल्या पडद्यावर स्वतःची छबी दिसते का याकडे आहे. गायक अर्थातच बहुधा गात नसे, ओठ हलवी. सुरुवातीच्या काळात हे उघड होते. एक तरुणी तबकडीयंत्राशी बसून तबकडी लावतानाही दाखवली जाई. १९६६ मध्ये वादकांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली. मग कलावंतांनी कार्यक्रमासाठी गाण्याची साथ नव्याने मुद्रित करावी, किंवा स्टुडिओतील वाद्यवृंदाच्या साथीने गावे, असे ठरले. ठरले खरे, पण नव्या फितीऐवजी मूळचीच फीत हळूच यंत्रावर चढवण्याच्या युक्त्या त्या व्यवसायात सर्वतोमुखी आहेत. १९६७ साली जिमी हेंड्रिक्स गावयास उभा राहिला आणि तंत्रज्ञाने चुकून दुसऱ्याच गायकाचे गाणे लावले. हेंड्रिक्सने ते हसण्यावारी नेले.

या गर्दीत भारताशी नाते असलेले चेहरेही भेटतात. १९७४ च्या फेब्रुवारीत डेव्हिड बोवीची चित्रफीत वेळेवर मिळाली नाही म्हणून ऐनवेळी 'क्वीन' नावाच्या नवख्या चमूला बोलावले गेले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, झांझिबारच्या पारशी कुटुंबातील फरोख बलसारा. सातारा जिल्ह्यातील त्या डोंगरी शाळेच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. पुढच्याच वर्षी 'क्वीन'ने आपल्या एका लांबलचक गाण्याची स्वतंत्र चित्रफीत करून दिली, कारण दौऱ्यामुळे त्यांना स्टुडिओत येणे शक्य नव्हते, आणि आले असते तरी इतक्या आवाजांच्या गाण्यावर चौघांनी ओठ हलवणे हास्यास्पद ठरले असते. ते गाणे नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. बंगळूरचे बिद्दू हे तर पडद्यामागे होते. कार्ल डग्लस आणि टीना चार्ल्स यांची त्यांनी घडवलेली गाणी १९७४ आणि १९७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. याच बिद्दूंनी १९८० च्या 'कुर्बानी' चित्रपटासाठी लंडनमध्ये नाझिया हसनकडून गाऊन घेतलेले गीत भारतभर दुमदुमले. १९८२ मध्ये शीला चंद्रा ही अवघ्या सतरा वर्षांची गायिका सतार-तबल्याच्या साथीचे गाणे घेऊन या मंचावर उभी राहिली. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते 'कॉर्नरशॉप' चमूचे गाणे आशा भोसले यांच्या गौरवाचे होते.

येथवर सारे रंजकच आहे. पण या जुन्या भागांच्या मुळाशी एक काळी बाजू आहे आणि तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. पहिल्या भागाचा निवेदक जिमी सॅव्हिल होता. २००६ च्या अखेरच्या भागात रिकाम्या स्टुडिओतील दिवे मालवणाराही तोच होता. ऑक्टोबर २०११ मध्ये तो सन्मानाने मेला. एका वर्षातच त्याने दशकानुदशके मुलामुलींवर आणि स्त्रियांवर केलेले अत्याचार उघड झाले. २०१६ च्या फेब्रुवारीत डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी अहवालाने बी.बी.सी.तील कामाच्या आडून त्याने ७२ जणांवर अत्याचार केल्याचे नोंदवले. त्यांत 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या वातावरणाचाही वाटा होता. ताल धरणारी, लाजणारी ती मुले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा तो निवेदक, हे दृश्य त्यानंतर कोणाच्याही डोळ्यांना पूर्वीसारखे दिसणे शक्य नव्हते.

'बी.बी.सी. फोर'ने २०१२ च्या अखेरीपासून त्याचे भाग पुनःप्रक्षेपणातून वगळले. पुढे आणखी एका निवेदकाचे भागही वगळले गेले. त्यामुळे मालिकेत पुन्हा खिंडारे पडली. त्या आठवड्यांत गायलेल्या निरपराध कलावंतांचीही हजेरी त्यांच्याबरोबर गेली, अशी तक्रार काही रसिक करतात. तक्रार खरी आहे; तरीही न दाखवण्याचा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. ज्यांनी सोसले त्यांच्या घरात तो चेहरा करमणूक म्हणून पुन्हा शिरू नये, एवढी अपेक्षा संगीतप्रेमापेक्षा वजनदार आहे. मात्र साठीतल्या वगळण्यात आणि या वगळण्यात एक मूलभूत फरक आहे. तेव्हा फीत पुसली गेली, आता ती फक्त मिटून ठेवली आहे. या फिती त्या माणसाविरुद्धचाही पुरावा आहेत. कोण कोणाजवळ कसे उभे होते आणि भोवतालच्या कोणालाही त्यात वावगे कसे वाटले नाही, हे त्या निर्विकारपणे दाखवतात. लाज वाटते म्हणून त्यांचा नाश करणे म्हणजे काटकसरीने केलेली चूक निराळ्या कारणाने पुन्हा करणे ठरेल.

पाहणाऱ्यांपैकी कित्येक जण आता आजी-आजोबा झाले आहेत. गर्दीत उभ्या असलेल्या मुलांपैकी काही जण या भागांत स्वतःला शोधतात. कोणाला आपला सदरा ओळखू येतो, कोणाला शेजारची मैत्रीण. एखाद्याचा गुरुवार मात्र नेमका १९६८ चा निघतो. त्या संध्याकाळच्या फितीवर पुढच्याच महिन्यात कदाचित एखाद्या फुटबॉल सामन्याचे चित्रण झाले असेल.