म्हैसूरवरून गेलेली सावली

10 मार्च 1977 ची मध्यरात्र उलटून गेली होती. म्हैसूर झोपलेलं होतं आणि शहरावरून युरेनसच्या कड्यांची सावली सरकत गेली. युरेनसला कडी आहेत हेच तेव्हा पृथ्वीवर कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हैसूरच्या पूर्वेला साधारण 235 किलोमीटरवर, जवळपास त्याच अक्षांशावर, तमिळनाडूतल्या जवादी डोंगरांत कवलूरची वेधशाळा आहे. तिथली एक मीटर व्यासाची दुर्बीण त्या रात्री तूळ राशीतल्या एका ताऱ्यावर रोखलेली होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तो तारा युरेनसच्या वाटेत येणार होता. जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी ताऱ्याच्या उजेडाची नोंद घेत होते. ग्रह अजून बराच लांब असताना तो उजेड अचानक घसरला, काही सेकंद तसाच राहिला आणि परत पहिल्यासारखा झाला. मध्ये काय आडवं आलं? दोघांनी अंदाज केला, युरेनसचा एखादा अज्ञात चंद्र असावा.

त्याच रात्री हिंदी महासागरावर एक विमान दुर्बीण घेऊन उडत होतं. त्यात जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी होते. त्यांना ग्रह येण्याआधी तारा पाच वेळा मंदावलेला दिसला आणि ग्रह सरकल्यावर दुसऱ्या बाजूलाही तसाच, तेवढ्याच अंतरांवर, पुन्हा मंदावलेला. चंद्र काही असे दोन्ही बाजूंना मोजूनमापून उभे राहत नाहीत. ती कडी होती! विल्यम हर्शेलनं 1781 मध्ये युरेनस शोधला, त्यानंतर तब्बल 196 वर्षांनी ती सापडली. हर्शेल तेव्हा पोटापाण्यासाठी संगीत शिकवणारा हौशी निरीक्षकच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका खस्थ वस्तूनं दुसरीला झाकणं म्हणजे पिधान. चंद्रानं रोहिणीला झाकलेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दूरच्या वस्तूंची गोष्ट मात्र निराळी. प्लूटोचंच बघा. त्याचा व्यास सुमारे 2,376 किलोमीटर, पण तो इतका लांब आहे की म्हैसूरच्या गच्चीवरून पार मंड्याच्या पलीकडे ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढाच तो दिसतो. (याच कर्नाटकात, बागलकोटला, व्यंकटेश बापूजी केतकरांनी 1911 मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं गणित मांडलं होतं. प्लूटो 1930 च्या फेब्रुवारीत सापडला आणि त्याच वर्षी केतकर गेले.) एवढ्याशा ठिपक्याचा आकार कितीही मोठ्या भिंगातून नीट मोजणं कठीण. सावली मात्र मोजता येते.

घरातल्या दिव्यासमोर हात धरला तर भिंतीवर सावली मोठी पडते, कारण दिवा जवळ असतो. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. म्हणून अब्जावधी किलोमीटरवरच्या वस्तूची सावली पृथ्वीवर जवळपास त्या वस्तूएवढीच पडते. ती सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगानं जाते. म्हैसूरहून श्रीरंगपट्टण गाठायला तिला एक सेकंदसुद्धा लागत नाही. तारा किती वेळ विझला ते घड्याळानं मोजलं की वस्तूची त्या जागेवरची रुंदी हाती येते.

इथेच हौशी माणसाला मानाचं पान मिळतं. मोठी दुर्बीण डोंगरावर खिळलेली असते, सावली तिच्याकडे येईलच असं नाही. आठ इंची दुर्बीण गाडीत टाकून सावलीच्या वाटेवर नेता येते. 2013 मध्ये सोडलेल्या गाइया यानानं ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक मोजल्या की ही वाट आता आधीच नकाशावर काढता येते. मग एका कॅमेऱ्याला जीपीएसची वेळ जोडायची, भिंगावर दव साचू द्यायचं नाही आणि पडद्यावरच्या एका फिकट ठिपक्यावर नजर ठेवून बसायचं. रविवारी संध्याकाळी म्हैसूरचा राजवाडा जवळपास लाखभर दिव्यांनी उजळतो. इथे सगळा जीव एका दिव्याच्या विझण्यात अडकलेला असतो.

क्वावार ही नेपच्यूनपलीकडची सुमारे 1,100 किलोमीटर व्यासाची वस्तू. तिच्याभोवतीचं कडं 2023 मध्ये जाहीर झालं, ते अशाच पिधानांतून. त्या नोंदींमध्ये ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या. ते कडं क्वावारच्या केंद्रापासून 4,000 किलोमीटरहून अधिक दूर आहे. इतक्या लांब कण एकत्र येऊन त्यांचा चंद्र व्हायला हवा, असं आजवरचं गणित सांगत होतं. तरीही कडं तिथे आहे आणि शास्त्रज्ञ त्याचं कारण शोधताहेत.

एका गच्चीवरून मात्र एकच रेघ मिळते, वर्तुळातल्या एका जीवेसारखी. वस्तू गोल आहे की लांबट, हे कळायला उत्तरेला हासनजवळ कुणी हवा, दक्षिणेला चामराजनगरजवळ कुणी हवा. समजा, म्हैसूरला तारा चौदा सेकंद विझला, चामराजनगरला नऊ सेकंद आणि हासनला विझलाच नाही. हासनवाल्यानं ती नोंद अजिबात टाकून द्यायची नाही. त्या वस्तूची कड म्हैसूर आणि हासनच्या मध्ये कुठेतरी संपते, हे त्याच्याच न विझलेल्या ताऱ्यावरून ठरतं.