रुग्णालयाबाहेरील प्रसूती : बाळाचे पहिले मिनिट

वाराणसीच्या बालाजी घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत. रुग्णवाहिका पायऱ्यांपर्यंत येऊ शकत नाही. अशा ठिकाणी प्रसूती झाली तर बाळ जन्मताच तुमचे पहिले काम कोणते? अनेकांचे उत्तर असते, ‘नाळ कापणे’. ते चूक आहे. नाळ कापायला उशीर चालतो, श्वासाला चालत नाही.

पुढील क्रम लक्षात ठेवा.

१. १०८ ला फोन करा. हात धुऊन हातमोजे घाला. डोके बाहेर येताना आधार द्या, ओढू नका.

२. बाळाला लगेच कोरड्या कापडाने पुसा. ओले बाळ झपाट्याने थंड पडते.

३. बाळ रडले तर आईच्या उघड्या छातीवर ठेवा, डोके झाका, दोघांवर पांघरूण घाला.

४. श्वास नसेल तर पाठ चोळा. तरीही नसेल तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने श्वास द्यायला लागा. वेग मिनिटाला ४० ते ६०.

५. निर्जंतुक साधन नसेल तर नाळ कापू नका. वार ओढू नका. आईच्या रक्तस्रावावर लक्ष ठेवा.

हे डॉक्टरांशिवाय जमते का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच महिलांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. या आरोग्यदूत डॉक्टर नव्हत्या. त्यांनी सराव केला होता. तुम्हीही बाहुलीवर सराव करा.