नाव राहू द्या, दार लावा

रामनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कार्यालयाचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. तिथले हिशेबनीस नोकरी सोडून गेले, तेव्हा मालक म्हणाले, "अकाउंट डिलीट कर दीजिए." मी नको म्हटलं. युनिक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. खातं पुसलं की फाइली बेवारस होतात, आणि तोच क्रमांक पुढे नव्या माणसाला मिळाला तर जुने हिशेब आपोआप त्याच्या मालकीचे होतात.

म्हणून आधी पासवर्डला कुलूप: 'युझरमॉड', सोबत मोठा एल. शॅडो फाइलमध्ये पासवर्डच्या सांकेतिक रूपाआधी एक उद्गारचिन्ह आलं. आता कुठलाही पासवर्ड जुळणार नाही. पुढे गरज पडली तर चिन्ह काढलं की जुना पासवर्ड पुन्हा चालतो.

बरेच जण इथेच थांबतात, आणि तेच मला धोक्याचं वाटतं. हिशेबनिसांच्या लॅपटॉपवर एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची, किल्ली होती आणि किल्लीला पासवर्ड लागतच नाही. तेव्हा खात्याची मुदतच संपवली. युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७० पासून, आणि मुदत मोजतात दिवसांत. मुदतीच्या जागी १ लिहिला की खातं २ जानेवारी १९७० लाच संपलेलं ठरतं. शून्य लिहू नये, कारण 'मुदत नाही' असाही त्याचा अर्थ लागू शकतो. शेवटी शेल बदलून 'नोलॉगिन' केला. नुसत्या नोलॉगिनवर मात्र विसंबू नये: कमांड चालत नाही, पण किल्ली असेल तर एसएसएचचा बोगदा उघडता येतो.

हे सगळं आत येणाऱ्यासाठी. आधीच आत असलेल्याला यातलं काहीच बाहेर काढत नाही. त्यांचं एक जुनं सेशन चालूच होतं, ते बंद केलं.

मग क्रॉनटॅब, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा तक्ता, पाहिला. रोज रात्री बिलांचा बॅकअप त्यांच्याच नावाने निघत होता. आमच्या सर्व्हरवर मुदत संपलेल्या खात्याची कामं क्रॉन चालवत नाही. म्हणजे बॅकअप त्याच रात्री थांबला असता. त्यासाठी वेगळं खातं काढलं, सुरुवातीपासूनच नोलॉगिन असलेलं.

या खटाटोपात गेलेल्या माणसावर अविश्वास नाही. त्याच्या नावाने उद्या कुणी काही केलं, तर लॉगमध्ये त्याचंच नाव उमटेल आणि जाब त्यालाच विचारला जाईल. मालकांना हे पटलं. आता कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी मला फोन येतो.