अग्निबाणाच्या अंगावरचा डोळा

अंतराळयान उडूं लागलें म्हणजे सर्वांची दृष्टि यानावर खिळते. त्याला वर चढवून दोनच मिनिटांत गळून पडणाऱ्या अग्निबाणांकडे पाहणारा विरळाच. अमेरिकेच्या स्पेस शटल यानाच्या अशा दोन बूस्टरांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं चलच्चित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. त्यांतील मौज वाचकांस सांगावयाची आहेच. परंतु यानावर असे कॅमेरे कां वाढविले गेले, हें सांगणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

16 जानेवारी 2003 रोजीं कोलंबिया यान फ्लॉरिडांतून उडालें. सुमारें 82 सेकंदांनीं इंधनाच्या मोठ्या टाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. त्याचें वजन एक किलोहूनहि कमी! जमिनीवरील कॅमेऱ्यांस तो आघात दिसला, पण अस्पष्ट. यानाचीं आणखी छायाचित्रें घ्यावीं अशी कांहीं इंजिनिअरांनीं विनंति केली. ती मान्य झाली नाहीं. 1 फेब्रुवारीस परततांना पंखास पडलेल्या भगदाडांतून तप्त वायु आंत शिरला व आकाशांतच यानाच्या ठिकऱ्या झाल्या. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातहि जण प्राणांस मुकले.

त्यानंतर यानावर चोहोंकडून डोळा ठेवण्याचा निश्चय झाला. 26 जुलै 2005 रोजीं डिस्कव्हरी उडालें, तेव्हां टाकीवरील कॅमेऱ्यानें फेसाचा मोठा तुकडा सुटतांना स्पष्ट दाखविला. तो यानास लागला नाहीं. तरीहि पुढील उड्डाण 4 जुलै 2006 पर्यंत लांबणीवर पडलें.

आतां बूस्टरांचीं चित्रें पाहूं. प्रत्येक बूस्टर सुमारें 45 मीटर उंच. प्रथम जमीन झपाट्यानें खालीं जाते व निळें आकाश काळवंडत जातें. सुमारें 45 किलोमीटर उंचीवर बूस्टर सुटतात आणि यान ज्वाळेचा एक ठिपका होऊन दूर जातें. पण बूस्टरांचा वेग लगेच कसा ओसरावा? ते गिरक्या घेत आणखी वीसएक किलोमीटर वर चढतात. काळें आकाश, सूर्य व पृथ्वीची वाटोळी कड आळीपाळीनें समोर येतात. पुढें उतरण लागते, हवा दाट होते, तीन मोठ्या हवाई छत्र्या उघडतात आणि बूस्टर अटलांटिक समुद्रांत पडतात. तेथून जहाजें त्यांना किनाऱ्यास ओढून आणीत, व दुरुस्तीनंतर त्यांचे भाग पुन्हां उपयोगांत येत.

शटलचें शेवटचें उड्डाण 8 जुलै 2011 रोजीं झालें. हीं चित्रें घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून अवश्य पाहावीं. मात्र मुलांना एवढें सांगावें कीं, कॅमेरा केवळ दाखवितो; दिसलें त्यावर थांबावें कीं नाहीं, हें माणसांनाच ठरवावें लागतें. 2003 सालीं माणसें थांबलीं नाहींत. 2005 सालीं थांबलीं. दोहोंतील अंतर सात जिवांचें आहे.