हेलिकॉप्टरचें सामर्थ्य व त्याच्या मर्यादा

रस्ते वाहून गेले व पूल पडले, तर सारें धान्य हेलिकॉप्टरनेंच कां पोहोंचवूं नये, हा प्रश्न मदतकार्यास सढळ हातानें साह्य करणारे व्यापारी, जमीनदार व इतर सद्गृहस्थ यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. दिलेल्या पैशाचें चीज व्हावें ही त्यांची अपेक्षा रास्तच होय. सबब या यंत्राची माहिती येथें थोडक्यांत देत आहों. उदाहरणादाखल आपल्याच देशांत बनणारें ‘ध्रुव’ हें हेलिकॉप्टर घेतलें आहे.

दोन इंजिनांचें हें हलकें हेलिकॉप्टर बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडनें जर्मन तज्ज्ञांच्या साह्यानें तयार केलें. त्याचें पहिलें उड्डाण २० ऑगस्ट १९९२ रोजीं झालें व २००२ सालापासून तें सेनादलांत दाखल होऊं लागलें. ओझ्यासह त्याचें वजन सुमारें साडेपांच टनांपर्यंत जातें. माथ्यावरील मोठ्या पंख्यास चार पातीं असून तीं काचतंतू व तत्सम तंतू राळेंत बसवून केलेलीं आहेत. तीं लवतात, पण गंजत नाहींत. पंख्याची थरथर आंतील माणसांस बाधूं नये म्हणून पंखा व सांगाडा यांच्यामध्यें कंपन शोषणारीं साधनें ठेविलीं आहेत. मागें दुपाखी दार असल्यामुळें रुग्णास स्ट्रेचरसह सरळ आंत घेतां येतें. साधारणपणें बारा माणसें त्यांत बसतात.

दोन इंजिनें म्हणजे दुप्पट ओझें, असा अर्थ कोणी करूं नये. एक बंद पडलें असतां दुसऱ्याच्या बळावर सुरक्षित जागीं जाऊन उतरतां यावें, हा त्यांतील मुख्य हेतु आहे. उंचीवर हवा विरळ होते. सुमारें साडेपांच हजार मीटरांवर तिचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा भरतो. अशा हवेंत पंख्याची उचल कमी होते व इंजिनाचेंही बळ घटतें. कडक उन्हांतही थोडाफार असाच प्रकार होतो. डोंगराळ मुलखासाठीं म्हणूनच पुढें फ्रेंच कंपनीच्या सहकार्यानें ‘शक्ति’ हें अधिक जोमदार इंजिन बसविण्यांत आलें.

आतां धान्याचा हिशेब पाहूं. सखल प्रदेशांत हें यंत्र दोरास टांगून सुमारें दीड टन ओझें उचलतें, म्हणजे पन्नास किलोचीं तीस पोतीं. माणशीं रोज अर्धा किलो धरल्यास तें तीन हजार माणसांस एकच दिवस पुरेल. पल्ला लांबला कीं इंधन वाढतें व तितकीं पोतीं कमी करावीं लागतात. उलट दहा टनांची एक मालमोटार अशा सहा फेऱ्यांहून अधिक माल एकाच खेपेंत, पुष्कळ कमी खर्चांत नेते.

परंतु जेथें घटकाघटकेचा प्रश्न असतो तेथें हेलिकॉप्टरला तोड नाहीं. जून २०१३ मध्यें उत्तराखंडांत पुरानें केदारनाथचा मार्ग उद्ध्वस्त झाला, तेव्हां इतर हेलिकॉप्टरांबरोबर ‘ध्रुव’ही यात्रेकरूंच्या सुटकेस धांवलें. अडकलेल्यांत महाराष्ट्रांतील यात्रेकरूही होते.

हें वाहन निर्धोक मात्र नाहीं. ५ जानेवारी २०२५ रोजीं पोरबंदर येथें तटरक्षक दलाचें ‘ध्रुव’ कोसळून तिघे मृत्यु पावले व त्यानंतर या जातीचीं हेलिकॉप्टरें कांहीं काळ जमिनीवर ठेवून तपासावीं लागलीं. सगळी भिस्त त्यावर ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

यास्तव आमचें म्हणणें असें कीं, हेलिकॉप्टरनें रुग्ण, डॉक्टर, औषधें व मुलांचें दूध न्यावें; धान्याच्या राशी मालमोटारीनें, बैलगाडीनें, खेंचरांनीं जाव्या. व्यापाऱ्यांनीं पोतीं नेमक्या वजनाचीं व वजन लिहून बांधून द्यावीं. जमीनदारांनीं विजेच्या तारा व झाडें यांपासून दूर असें एखादें सपाट, टणक शेत उतरण्यासाठीं मोकळें ठेवावें व तेथील सुटे पत्रे काढून घ्यावे. आणि देणगीदारांनीं आपला पैसा प्रथम पावसाळ्यापूर्वीं भरलेल्या गांवोगांवच्या कोठारांसाठीं द्यावा. तीं भरलेलीं असतील, तर आकाशमार्गें धान्याची वाट पाहण्याची पाळी फार थोड्यांवर येईल.