उतारवयातील विस्मरण व एक दुर्लक्षित जीवनसत्त्व

तीन वर्षांपूर्वी आमच्या पेढीचा रोजमेळ जुळेनासा झाला. चाळीस वर्षे तोंडी हिशेब करणारा मी साध्या बेरजेत अडखळू लागलो; तळपायांना सारख्या मुंग्या येत. ‘वय झाले’ असे म्हणून घरच्यांनी व मीही तो विषय सोडून दिला होता. अखेर डॉक्टरांनी रक्त तपासविले, तेव्हा ब-१२ या जीवनसत्त्वाची मोठी तूट निघाली. आपल्या व्यापारी बंधूंचा आहार बहुतांशी माझ्यासारखाच असल्याने चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

हे सत्त्व १९४८ साली शुद्ध स्वरूपात हाती आले. मज्जातंतूंवरील आवरण टिकविणे व रक्तपेशी घडविणे ही त्याची मुख्य कार्ये होत. ते निर्माण करतात केवळ सूक्ष्म जंतू. माझ्या वखारीत ज्वारी, गहू, तूर यांची थप्पी छतास टेकली तरी त्यांत ते सापडावयाचे नाही, हे धान्याच्या व्यापाऱ्याने कबूल केलेच पाहिजे! आपणांस ते मिळते दूध, दही, ताक यांतूनच. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधात असते सुमारे एक. रसपरित्यागात दूध-दही वर्ज्य करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा.

यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट लवकर उमगत नाही. मुद्दल खात चाललेली पेढी बाहेरून भरभराटीची दिसावी, तसेच हे. त्यात उतारवयात अनेकांच्या जठरातील आम्ल घटते व अन्नातील हे सत्त्व सुटे होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांस हा धोका अधिक. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तक्षय झाकला जातो, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. तेव्हा हिमोग्लोबिन ठीक आले एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

प्रत्येक विस्मरणाचे मूळ हेच असते असे नव्हे. परंतु हे मूळ तपासणीने सापडते व त्यावर उपाय आहे. औषधातील ब-१२ जंतूंच्या किण्वनाने बनते. कॅप्सूलचे वेष्टन मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते; याकरिता गोळी मागून घ्यावी. मला प्रथम सुया घ्याव्या लागल्या. काही महिन्यांत खतावणी पुन्हा हाती घेतली. पायांच्या मुंग्या मात्र उशिरा उपचार झाल्याने अद्याप पुरत्या गेलेल्या नाहीत.